डावा गाल

मुंगीनं माझ्या मनगटाला चावा घेतला तेव्हा पर्स त्याच हातात होती आणि माझा दुसरा हात पर्समध्ये होता, आणि पहिल्यांदा मला वाटलं पर्सच्या चेननंच कातडं पकडलंय. मी हात ओढला तर हाताबरोबर तीही आली. खाली बघितलं. माझी पाच वर्षांची मुलगी माझ्या मनगटाला तोंडानं लटकली होती आणि तिचे डोळे मिटलेले होते, अंगावर पिताना मिटायची अगदी तसे. मुंगी हे काही तिचं खरं नाव नाही, सासूबाईंनी पाडलंय, ती गोडाच्या मागे लागते म्हणून. आता ते मला पुरतं पटलं, कारण मुंगीसुद्धा एकदा धरलं की डोकं तुटलं तरी सोडत नाही. कारण काय, तर गल्ल्याशेजारच्या फळीवरचं क्रीमच्या बिस्किटांचं पाकीट तिनं ट्रॉलीत टाकलं होतं आणि मी ते परत जागेवर ठेवलं होतं. एवढंच. मी हलक्या आवाजात म्हणाले, "सोड." मग दात आवळून म्हणाले, "सोड म्हणते ना!" मागच्या माणसानं घसा खाकरला. दात आणखी आत गेले, हाडाला काहीतरी घासलं, आणि मग माझा उजवा हात पर्समधून बाहेर आला. तो मी बाहेर काढला असं म्हणवत नाही, तो आला. तिच्या डाव्या गालावर असा काही आवाज झाला की गल्ल्यावरच्या पोरीची बोटं थांबली. सगळं दुकान थांबलं आणि दूध-लोण्याच्या कपाटांची घरघर तेवढी ऐकू यायला लागली. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. फक्त आजवर मी तो आतून ऐकला होता, गालाच्या बाजूनं.

मुंगीनं सूर धरला तेव्हा छत खाली येतंय असं वाटलं. मागचा माणूस म्हणाला, "घेऊन टाका हो बाई, लेकरू आहे. एका पुड्यानं काय होतंय?" बायका माझ्याकडे बघत होत्या, मुलं मुंगीकडे बघत होती, आणि मला त्या क्षणी ती अख्खीच्या अख्खी फळी उपटून त्या माणसाच्या भल्या तोंडात कोंबावीशी वाटली, पाकिटांसकट, खिळ्यांसकट. त्याऐवजी मी पाकीट उचललं, दातांनी फोडलं आणि तिच्या हातात दिलं. नळाची तोटी फिरवावी तसं रडणं बंद झालं. गालावर माझी बोटं उमटलेली, गाल चावतोय, डोळे दोन्ही कोरडे. बाहेर आल्यावर मी मनगट पुसायला रुमाल काढला. रक्त थोडंच होतं, पण चाव्याच्या मधोमध बिस्किटाचा भुगा चिकटावा तसं काहीतरी तपकिरी दिसत होतं. मी नखानं काढलं. भुगा असता तर चुरला असता. हे टणक होतं, एका बाजूनं पांढरं आणि एका बाजूनं धारदार. माझ्या मुलीच्या सुळ्याचं टोक माझ्या हाडावर मोडलं होतं.

त्या पाकिटाची मला ओळख करून द्यायला नको. त्यातल्या क्रीमची गोडी ठरवणाऱ्या जिभांमधली एक जीभ माझी आहे. मी चव घेणारी आहे, हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि हे सांगितलं की लोकांना आधी हसू येतं, मग हेवा वाटतो. पदवीला मी रसायनशास्त्र घेतलं ते काही यासाठी नव्हे. लग्न झालं, मुंगी झाली, अर्धवेळची नोकरी हवी होती, आणि कंपनीच्या चाचणीत मी साध्या पाण्यांच्या ओळीतून गोडाची नुसती शंका असलेलं पाणी ओळखून काढलं. चाचणी घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या, "अशी जीभ शिकवून येत नाही, जन्माची असते." आमच्या खोलीत कप्पे आहेत, एकेकाला एक, आणि आत लाल दिवा, म्हणजे खाण्याचा रंग दिसत नाही आणि रंग बघून मत बनत नाही. समोरची फळी सरकते, एक हात कप ठेवतो आणि जातो. चेहरा दिसत नाही. आम्ही घास तोंडात घेतो, डाव्या गालात ठेवतो, जिभेनं थोडा थोडा पुढे आणतो, पुन्हा ठेवतो. गिळायचं नाही. समोर खूण झाली की झाकणाच्या भांड्यात थुंकायचं, कोमट पाण्यानं चूळ भरायची आणि बटण दाबायचं. कमी, जास्त, बरोबर. शेजारच्या कप्प्यातले काका दर सकाळी तोच विनोद करतात, "जगात थुंकलं तर दंड होतो, आपल्याला पगार मिळतो." आम्ही दर सकाळी हसतो. कंपनीला 'बरोबर' हवं असतं. जास्त गोड झालं की माणूस थांबतो, कमी पडलं की दुसरं काही शोधतो. बरोबर असलं की हात पुन्हा पाकिटात जातो आणि हात गेलाय हे त्याला कळतसुद्धा नाही. साखर वाढवून बरोबर येत नाही, हे मी तिथे शिकले. एका टप्प्यानंतर साखर नुसती ओतत राहिलात तरी जिभेला ती ऐकू येत नाही. मग मीठ घालावं लागतं. अगदी कणभर. मीठ कळता कामा नये, कळलं की नमुना बाद. पण ते असलं की गोडी अशी उठून येते, जणू कुणी कानाखाली वाजवून जीभ जागी केली. पहिल्या वेळी मॅडमनी विचारलं होतं, यात काय वेगळं आहे, तेव्हा सगळे नुसते एकमेकांकडे बघत होते आणि मी मीठ म्हणाले होते. कसं कळलं म्हणाल्या. मी खांदे उडवले होते.

मुंगी हातात पाकीट घेऊन पुढे चालत होती, एकेक बिस्कीट उघडून क्रीमची बाजू जिभेला लावत होती, आणि मी मागून तिच्या मानेकडे बघत होते. किती बारीक मान. दोन बोटांत मावेल. असले विचार इतर आयांच्या मनात येतात का, हे कुणाला विचारायची सोय नसते. मुंगी पोटात असल्यापासून मी पहारा देतेय. पाकिटांच्या पाठी उलटून वाचते, साखरेची सगळी टोपणनावं मला पाठ आहेत, शाळेत कुणाचा वाढदिवस असला की मी तिचं दप्तर तपासते. घरात शपथेला साखर नाही. सासूबाई म्हणायच्या, "पोरीला वनवासात वाढवतेयस." मी तरी अगदीच दुष्ट नको म्हणून एक खेळ काढला होता. कामाहून येताना कधी नमुन्याचा कप आणायचा, आणि मुंगीनं माझ्यासारखी चव घ्यायची. डावा गाल फुगवायचा, हात मांडीवर, आणि मी 'थुंक' म्हणेपर्यंत गिळायचं नाही, थुंकायचंही नाही. मग कपात थुंकायचं आणि निकाल सांगायचा. 'बरोबर' म्हणताना ती भुवया उंच करायची, सासूबाईसुद्धा हसायच्या. चव पोरीला, आणि पोटात कणही नाही. साप मेला, काठी शाबूत. मला त्या युक्तीचा अभिमान होता. आणि तरी तो सुळा मोडला, वाळवी लागलेल्या चौकटीसारखा आतून पोकळ होऊन मोडला, म्हणजे माझ्या पहाऱ्याला कुठेतरी भगदाड होतं, माझ्या पाठीमागे कुणीतरी माझ्या पोरीला गोड चारत होतं, आणि माझ्या पाठीमागे घरात असे किती जण होते? एकच.

घरी पोचेपर्यंत गाल सुजला होता. नुसता लाल नव्हे, टरारलेला, डोळ्याखाली चकाकणारा. एका थपडेनं एवढं? सासूबाई दारातच होत्या. त्यांनी मुंगीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"हे काय गं?"

"चावली मला. बघा."

"ती चावली ते दिसतंय. मी हे विचारतेय. पाचही बोटं मोजता येतायत."

"आणि दात कुणी कुजवले तिचे?" मी रुमालातला तो तुकडा त्यांच्यापुढे धरला. "मी कामावर. दुपारची तुमच्याकडे असते. काय चारता तिला? खरं सांगा."

"मी?" त्या हसल्या, आणि तेच चुकलं. "अगं, तुझ्या भीतीनं मी माझा चहा फिक्का प्यायला लागले. मी काय चारणार?"

"खोटं बोलू नका!"

"आवाज खाली. हत्ती होऊन लाकडं खाण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खाल्लेली बरी, असं म्हणायचे मी, ते म्हणण्यापुरतं. तुझ्या घरात मुंगीलाही लाकडंच."

मी त्यांच्या खोलीत गेले. कपाट उघडलं, साड्यांच्या घड्या ओढल्या, औषधांचा डबा उपडा केला, उशी पिळली. गोळ्या फरशीवर घरंगळल्या. फळीवरची काचेची बरणी हाताला लागली, आत काहीतरी पांढरं होतं, आणि मी ती बघायच्या आधीच फोडली. इसबगोल होतं. त्या ढिगात उभी राहून मी धापा टाकत होते, पायाला काच लागली होती, आणि मला बरं वाटत होतं. हे लिहायला हवं, की मला बरं वाटत होतं. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी मुंगीला पदराआड घेतलं होतं, माझ्यापासून, आणि अगदी हळू आवाजात विचारत होत्या, "झालं का? का माझीही झडती घेतेस?" मुंगी पदरातून माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती, घाबरलीही नव्हती. माझा राग कुठल्या टप्प्यावर आहे हे ती जोखत होती. कमी, जास्त, बरोबर. असं बघणं मला माहीत आहे. मी दाराआडून असंच बघायची.

माझे वडील हात टाकायचे आणि मग साखर द्यायचे. यात काही मोठी कहाणी नाही. ते शिपाई होते, घरी यायचे, आणि ज्या दिवशी साहेबानं त्यांना बोल लावलेले असत त्या दिवशी आमच्या घरात काहीतरी सांडायचं किंवा कुणीतरी मोठ्यानं हसायचं. आई मध्ये पडायची नाही. पडली की दुप्पट व्हायचं, म्हणून ती भांडी घासायला बसायची, घासलेलीच पुन्हा. मग वडील थकायचे, बसायचे, स्वतःच्या हाताकडे बघायचे आणि उठून फळीवरचा पत्र्याचा डबा काढायचे. "इकडे ये. आ कर." डब्यातल्या साखरेची मूठ माझ्या तोंडात रिकामी व्हायची. दाणे हिरड्यांत रुतायचे. ओठ आतून फुटलेला असायचा, त्याचं रक्त त्या साखरेत उतरायचं, आणि मी ती गिळायची नाही. डाव्या गालात धरून ठेवायची, कारण उजवा दुखत असायचा, ते डावखुरे होते. तोंड मिटून कोपऱ्यात बसायचं आणि ती जराजरा पुढे सोडायची, मग पुन्हा साठवायची. जितका वेळ ती गालात तितका वेळ घरात शांतता. ते म्हणायचे, "बघा, कशी गप्प झाली. माझी लेक गुणाची आहे." पुढे त्यांच्याच अंगात साखर झाली, आधी अंगठा गेला, मग पाय, आणि मी शेवटचं भेटायला गेले तेव्हा ते नर्सच्या हातातल्या चमच्याकडे माझ्या मुलीसारखे बघत होते. मला दया आली नाही. मी आईला म्हणाले होते, मी माझ्या पोरावर कधी हात उचलणार नाही आणि माझ्या घरात साखर येणार नाही. एकाच दमात म्हणाले होते, जणू ती एकच गोष्ट होती.

दातांच्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. शनिवारची दुपार, दवाखाना बंद व्हायच्या बेतात. नवरा कामाच्या पाळीवर होता, त्यानं फोनवर एवढंच विचारलं होतं, "पण पडली कशी?" आणि मी फोन सासूबाईंच्या हातात दिला होता. त्या म्हणाल्या होत्या, "पडली नाही. तू कामाचं बघ, आम्ही बघतोय." बस, त्याहून एक अक्षर नाही. त्या बाहेर बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर धरून. आत मी आणि मुंगी. मुंगी खुर्चीत चढली, वरचा दिवा लागला, आणि तिनं हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलीसारखं तोंड मिटलं.

"गालाला काय झालं?"

"पडली."

डॉक्टरबाईंनी बोटानं गाल चाचपला. "पडून बोटं उमटत नाहीत, ताई." मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पण ही सूज त्याची नाही. ही आतली आहे, पुष्कळ दिवसांची. पू धरलाय. आ कर गं बाळा."

मुंगीनं मान हलवली.

"आ कर. मी फक्त बघणार."

ती माझ्याकडे बघायला लागली. ओठ घट्ट, डोळे मोठे, काहीतरी विचारणारे. डॉक्टरबाईंनी मुलांना करतात ते सगळे लाड केले, खुर्ची खालीवर केली, आरसा दाखवला, आणि शेवटी हनुवटीवर अंगठा दाबून तोंड उघडलं. मी वाकून बघितलं. उजवी बाजू स्वच्छ होती. इतकी पांढरी, इतकी नीटस, की कुणी चित्र काढावं. आणि डावीकडे, वर-खाली, काळे खुंट होते, जळालेल्या वस्तीसारखे. हिरडीवर पिवळा फोड. आणि त्या सगळ्याच्या आणि गालाच्या मध्ये ठासून भरलेला एक ओला गोळा. डॉक्टरबाईंनी चिमट्यात कापूस धरून तो बाहेर ओढला. तपकिरी लगदा, क्रीमचा वास. माझं क्रीम. मी त्या लगद्यालाही जीभ न लावता गुण देऊ शकले असते.

"हे कधी खाल्लंन?"

"सकाळी. दुकानात."

"आता दुपार टळली." त्यांनी तो कापूस ताटलीत टाकला. "डाव्या कुशीवर बाटली तोंडात घेऊन झोपते का? नाही? मग एकाच बाजूला असं होत नाही. ही गालात धरून ठेवते, तासन्‌तास. पोटात गेलं असतं तर एवढं बिघडलं नसतं. साखर पोटात गेली की सुटली, तोंडात राहिली की खात बसते. कुणी लक्षात नाही आणून दिलं? एवढा वेळ तोंड मिटून बसते पोरगी, तुम्हाला वाटलं नाही की इतकी गप्प का?"

मला वाटायचं ती गुणाची आहे.

"मुंगी," मी म्हणाले, आणि माझा आवाज मला दुसऱ्या कप्प्यातून आल्यासारखा लागला. "का नाही गिळलंस? नाहीतर टाकायचं तरी."

मुंगीची जीभ रिकाम्या झालेल्या गालात फिरली. ती म्हणाली, "तू थुंक म्हणालीच नाहीस."

डॉक्टरबाईंना ते कळलं नाही. कळायचं कारण नव्हतं. त्या सांगत होत्या की दोन दाढा आजच काढाव्या लागतील, सूज डोळ्याकडे चाललीय, बेशुद्ध करून करायचं तर मोठ्या दवाखान्यात जावं लागेल आणि तिथे आज कुणी नाही, थांबणं बरं नाही. पू असला की भूल नीट धरत नाही, थोडं सोसावं लागेल, तुम्ही हात धरा. मी मान हलवत होते. माझ्या डोक्यात सगळ्या संध्याकाळी उभ्या राहत होत्या. मी स्वयंपाकघरात, फोन वाजला, कुकर झाला, शेजारीण आली, आणि मुंगी डावा गाल फुगवून मांडीवर हात ठेवून बसलीय, वाट बघत. मी पोळीचा डबा भरला, तिला पांघरूण घातलं, दिवा मालवला. तिनं अंधारात गाल धरून ठेवला. मला जिंकून दाखवायला. आणि शाळेत, कुणाच्या वाढदिवसाचं काहीबाही तिनं याच शिस्तीनं धरून ठेवलं, घरी येईपर्यंत, कारण परवानगी देणारी मी घरी होते, आणि मी तिचं दप्तर तपासत होते.

"घट्ट धरा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अर्धवट धरलंत तर जास्त लागेल."

मी तिच्यावर वाकले. एका हातानं दोन्ही मनगटं, कोपरानं छाती, दुसरा तळवा कपाळावर. सुई गेली तेव्हा ती ताठली. पहिली दाढ हलायला लागली तेव्हा तिनं किंकाळी फोडली, आणि मग ती किंकाळी थांबली नाही, ती एकाच जागी फिरत राहिली, पकडीच्या फिरण्याबरोबर. दात मोडताना हाडाच्या आत आवाज होतो, ओलं लाकूड पिरगळल्यासारखा. तिच्या पायांनी खुर्चीच्या पायाकडची उशी उडवली. गुडघा माझ्या बरगडीत बसला. मी आणखी दाबलं. माझ्या मनगटातली जखम उघडली आणि माझं रक्त तिच्या बाहीवर उतरलं. तिची ताकद संपत चालली होती, हे माझ्या तळव्याला कळत होतं, आणि त्या कळण्यात एक भयंकर सुख होतं. मी जिंकत होते. पाच वर्षांच्या अंगावर माझं सगळं वजन टाकून मी जिंकत होते, आणि हे तिच्या भल्याचंच होतं, आणि वडिलांनाही दर वेळी हेच वाटत असणार. ताटलीत काहीतरी टणकन पडलं. "एक झाली. शाब्बास. धरून ठेवा." मुंगीनं डोळे उघडले. ती मला बघत होती, अगदी जवळून, नाकाला नाक लागेल एवढ्या जवळून, आणि तिच्या तोंडातून रक्ताचा वास येत होता, त्याखाली पुवाचा, आणि सगळ्यांच्या खाली, बोळा घातला तरी न हटलेला, व्हॅनिलाचा.

शेवटी डॉक्टरबाईंनी कापूस दाबला आणि हातमोजे काढले. "आता नीट ऐका. आज दिवसभर थुंकू द्यायचं नाही. थुंकलं की रक्ताची गाठ निघते आणि पुन्हा वाहायला लागतं. लाळ, रक्त, काय येईल ते गिळायचं. खायला मऊ आणि गार. थोडं आइस्क्रीम चालेल, त्यानं रक्त धरतं."

"आइस्क्रीम," मी म्हणाले.

"हो. आज साखरेचं नका बघू."

सासूबाईंनी मुंगीला कडेवर घेतलं. माझ्याकडे दिली नाही, मीही मागितली नाही. रस्ताभर त्या तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होत्या. घरात शिरल्या तशा त्यांनी आधी काचा झाडून घेतल्या, मग कोपऱ्यावरून आइस्क्रीमचा डबा आणला. ओट्यावर ठेवताना म्हणाल्या, "माझ्या हातून नको. उद्या पुन्हा माझं कपाट उचकशील. तूच भरव." मी त्यांच्या पायांशी बसायला हवं होतं. मी चमचा शोधला.

मुंगी खिडकीशी बसली होती. चेहऱ्याचा एक भाग माझ्या मुलीचा होता आणि एक कुणाचातरी. मी कापूस काढला, तो भिजून जड झाला होता. तिच्यापुढे नेहमीचा कप होता, तो तिनंच आणून ठेवला होता, कधी ते कळलं नाही. मी तिला पहिला चमचा दिला. तिनं तोंड उघडलं, घास आत घेतला, आणि तोंड मिटलं. हात मांडीवर ठेवले. डावा गाल फुगवता येईना म्हणून तिनं थोडा विचार केला आणि उजवा फुगवला. तो पांढऱ्या, नीटस दातांचा गाल. आणि माझ्याकडे बघत राहिली.

"गीळ," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. नाही.

"आज गिळायचं असतं. डॉक्टरबाईंनी सांगितलंय. गीळ ना, राणी."

तिच्या डोळ्यांत हुशारीचं हसू आलं. ती फसणार नव्हती. हा नवा डाव होता, अवघड डाव, आणि ती तो जिंकणार होती. ओठांच्या कोपऱ्यातून गुलाबी धार हनुवटीवर आली.

"गीळ, मुंगी. गीळ. गीळ म्हणते ना!"

दारातून सासूबाई म्हणाल्या, "अगं, हळू." आणि मग वेगळ्या आवाजात, "हात खाली घे."

मी बघितलं तर माझा हात वर होता. खरोखरच वर होता, उघडा, तिच्या उजव्या बाजूला, आणि त्याला सगळी जागा माहीत होती. मुंगीनं तो बघितला. हसू गेलं. तिला वाटलं, आपण हरलो, वेळ उलटून गेली, आणि तिनं घाईघाईनं कप उचलला आणि त्यात थुंकली. मी शिकवलं तसंच, मान खाली, एका दमात, काठाला न लागू देता. मग पाठोपाठ लाल आलं, बरंच आलं, तेही तिनं त्याच कपात नीट घेतलं. बाहीला तोंड पुसलं. कप दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला, माझा हात अजून वर असताना, आणि विचारलं, "बरोबर?"

मी हात खाली आणला. खाली आणून त्यानं कप घेतला. सासूबाई काहीतरी म्हणत पुढे झाल्या, टाकते मी ते, असं काहीतरी. कपात गुलाबी होतं, दोरे दोरे असलेलं. रंग बघून मत बनू नये म्हणून मी डोळे मिटले. घास डाव्या गालात घेतला, जिभेनं थोडा पुढे आणला, पुन्हा ठेवला. थंड. दूध. व्हॅनिला. मग ते गरम झालं, आणि खालून ती गोडी उठली, पत्र्याच्या डब्यातली, कानाखाली वाजल्यावर जागी होते ती. थुंक म्हणणारं कुणी नव्हतं. मी गिळलं.

बरोबर होतं. अगदी बरोबर.